जपानमधील शिक्षकांसाठी हिरोशिमा-मियाजिमा: जोडून आलेल्या सुट्टीतील तीन दिवसांच्या सहलीचे नियोजन

जपानमधील सरकारी शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून किंवा टोकियो-योकोहामा परिसरातील भारतीय शाळांत विषयशिक्षक म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींची एक अडचण सारखीच असते. लांब सुट्टी मिळाली की भारतात जावे लागते, आणि जपान पाहायचे राहून जाते. म्हणून शनिवार-रविवारला जोडून आलेला एखादा सोमवार हीच खरी फिरण्याची संधी ठरते. तीन दिवस पुरेसे असतात, पण त्या तीन दिवसांत क्योतो, नारा, हिमेजी आणि हिरोशिमा असे सगळे कोंबले तर हाती फक्त रेल्वेस्थानकांची आठवण उरते. माझा आग्रह असा आहे की शिक्षकाने निदान एक सहल फक्त हिरोशिमा शहर आणि त्याच्या शेजारचे मियाजिमा बेट या दोनच ठिकाणांसाठी राखावी. हिरोशिमात शाळा आणि शाळकरी मुले यांचा इतिहास असा समोर येतो की शिकवणाऱ्या माणसाला तो इतरांपेक्षा वेगळा भिडतो, आणि त्यासाठी मोकळा वेळ हाताशी असावा लागतो.

पुढील नियोजन ओसाका-कोबे परिसरात राहणाऱ्या शिक्षकाला धरून केले आहे, कारण मी त्याच भागात शिकवते. टोकियोहून निघणाऱ्यांना नोझोमी या शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गाडीने सुमारे चार तास लागतात, त्यामुळे त्यांनी पहिल्या दिवशीचा कार्यक्रम थोडा आखडता घ्यावा. विमानाचाही पर्याय आहे, मात्र हिरोशिमा विमानतळ शहरापासून दूर आहे आणि तिथून बसने शहरात यायला पाऊण ते एक तास जातो, हे हिशेबात धरावे.

सुट्टी कोणती निवडावी

जपानमध्ये वर्षाला १६ राष्ट्रीय सुट्ट्या असतात. त्यांपैकी चार कायद्यानेच सोमवारी ठेवलेल्या आहेत: जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी प्रौढत्व दिन, जुलैच्या तिसऱ्या सोमवारी सागर दिन, सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी ज्येष्ठ सन्मान दिन आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी क्रीडा दिन. याशिवाय एखादी राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली तर तिची भरपाई सहसा सोमवारी मिळते. अशा सलग तीन दिवसांना जपानी लोक ‘सान-रेन्क्यू’ म्हणतात, आणि त्या दिवसांत सारा देश घराबाहेर पडतो. हॉटेलांचे दर शनिवारी रात्री आणि सुट्टीच्या आदल्या रात्री सर्वाधिक असतात, त्यामुळे सान-रेन्क्यूमध्ये दोन्ही रात्री चढ्या दरानेच घ्याव्या लागतात.

शिक्षकांकडे मात्र एक जादा संधी असते आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात. शाळेचा क्रीडामेळावा, म्हणजे ‘उंदोकाइ’, किंवा सांस्कृतिक महोत्सव, म्हणजे ‘बुंकासाइ’, बहुधा शनिवारी किंवा रविवारी भरतो आणि त्या बदल्यात शाळेला पुढील सोमवारी किंवा मंगळवारी सुट्टी मिळते. स्टाफरूममध्ये तिला ‘फुरिक्यू’ किंवा ‘दाइक्यू’ म्हटले जाते. समजा मेळावा शनिवारी आहे आणि बदली सुट्टी सोमवारी आहे, तर मंगळवारची एक हक्काची रजा टाकली की रविवार, सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस सलग मिळतात, आणि मुक्कामाच्या रात्री रविवारच्या व सोमवारच्या असल्यामुळे खोल्या स्वस्तही मिळतात आणि सहजही. एप्रिलमध्ये हाती येणाऱ्या शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात असे दिवस तेव्हाच खुणा करून ठेवावेत. क्रीडामेळावा पावसामुळे पुढे ढकलला गेला तर बदली सुट्टीही सरकते, म्हणून अशा वेळी विनाशुल्क रद्द करता येईल असेच हॉटेल घ्यावे.

इथे एक दक्षता घ्यावी लागते. जपानमधील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असेल तर ती त्या दिवशी उघडी राहून मंगळवारी बंद राहतात. शाळेच्या बदली सुट्टीवर निघालेल्या शिक्षकाला हा नियम नेमका आडवा येतो. हिरोशिमाचे शांती स्मारक संग्रहालय मात्र सोमवारीही उघडे असते. वर्षअखेरीचे ३० आणि ३१ डिसेंबर आणि फेब्रुवारीतील मोजके दिवस सोडले तर ते बंद नसते, आणि बदली सुट्टीसाठी हे ठिकाण सोयीचे ठरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

हंगामाविषयी थोडक्यात सांगायचे तर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला आहे, आणि मियाजिमाची मोमिजिदानी दरी नोव्हेंबरच्या मध्यानंतर मेपलच्या पानांनी लाल होते. मे महिन्यात गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या) संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडेही उत्तम असतात. सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता असते. गोल्डन वीक, ऑगस्टमधील ओबोन हा पितरांच्या स्मरणाचा सण आणि नववर्ष हे तीन काळ टाळावेत, कारण त्या दिवसांत नोझोमी गाड्यांचे सर्व डबे आरक्षित असतात आणि ऐनवेळी निघणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही. ६ ऑगस्टला शांती उद्यानात स्मृतिसभा होते आणि संध्याकाळी नदीत कागदी दिवे सोडले जातात. त्या दिवशी जायचे असेल तर ते त्या विधीसाठीच जावे आणि मुक्कामाची सोय बरेच महिने आधी करावी, कारण संग्रहालय शांतपणे पाहण्याचा तो दिवस नव्हे.

रजा आणि कागदपत्रे

जपानी कायद्यानुसार सहा महिने सलग काम केल्यावर पूर्णवेळ कर्मचाऱ्याला किमान दहा दिवसांची वार्षिक पगारी रजा मिळते, आणि शिक्षकांच्या करारात ती बऱ्याचदा याहून जास्त असते. तिला ‘नेन्क्यू’ म्हणतात. अनेक शिक्षण मंडळांत ही रजा तासांच्या हिशेबानेही घेता येते. शुक्रवारी शेवटचा तास आपला नसेल तर दोन तासांची रजा घेऊन संध्याकाळची गाडी पकडता येते आणि पूर्ण दिवस खर्ची पडत नाही. अर्ज उपमुख्याध्यापकांकडे, म्हणजे ‘क्योतो-सेन्सेइ’कडे, निदान दोन आठवडे आधी द्यावा, आणि त्याआधी ज्यांच्याबरोबर तास घेतो त्या सहशिक्षकांना तोंडी विचारून घ्यावे. इथे कागदावर नोंद होण्याआधी संबंधितांना कल्पना असणे फार मोलाचे मानले जाते. मुक्कामाचे ठिकाण आणि फोन नंबर उपमुख्याध्यापकांना कळवून ठेवावा. भूकंप किंवा वादळ झाले तर शाळा आपल्याला शोधते, तेव्हा ही माहिती त्यांच्याजवळ असलेली बरी.

देशांतर्गत प्रवासाला पासपोर्ट लागत नाही, पण निवासी कार्ड, म्हणजे ‘झाइर्यू कार्ड’, सतत जवळ बाळगणे परदेशी प्रौढांवर कायद्याने बंधनकारक आहे. हॉटेलात नाव नोंदवताना जपानमधील आपला पत्ता लिहिला की पुरते. पासपोर्टची प्रत घेण्याचा नियम जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पर्यटकांसाठी आहे. तरीही स्वागतकक्षातील एखाद्या कर्मचाऱ्याने विचारलेच, तर शांतपणे कार्ड दाखवून आपण इथे राहतो असे सांगावे.

रेल्वेचे तिकीट

नव्याने आलेल्या शिक्षकांचा सर्वाधिक गोंधळ रेल्वे पासविषयी होतो. जपान रेल पास, तसेच हिरोशिमापर्यंत चालणारे जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचे प्रादेशिक पर्यटक पास, ‘अल्पकालीन पर्यटक’ असा शिक्का पासपोर्टवर असणाऱ्यांसाठी आहेत. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या शिक्षकाला ते वापरता येत नाहीत. भारतातून आई-बाबा भेटीला आले असतील तर त्यांच्यासाठी पास घ्यावा आणि आपल्यासाठी साधे तिकीट. एकाच गाडीत शेजारी बसायचे असेल तर पास दाखवून त्यांचे आसन आणि पैसे भरून आपले आसन, ही दोन्ही कामे खिडकीवर एकदमच करून घ्यावीत.

शिन-ओसाका ते हिरोशिमा हे अंतर नोझोमी गाडी साधारण दीड तासात कापते आणि आरक्षित आसनाचे एकेरी तिकीट सुमारे साडेदहा हजार येन पडते. क्यूशूकडे जाणारी साकुरा गाडीही जवळपास तेवढाच वेळ घेते, आणि तिच्या आरक्षित डब्यांत दोन्ही बाजूंना दोन-दोनच रुंद आसने असतात. भाड्यात फारसा फरक नसल्यामुळे वेळ जुळत असेल तर मी साकुराच निवडते. स्टेशनच्या खिडकीवर आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहा वाजता खुले होते. स्मार्ट-ईएक्स या अ‍ॅपवरून तिकीट काढले तर ते आपल्या इकोका किंवा सुइका या आधी पैसे भरलेल्या प्रवासकार्डाशी जोडता येते आणि फाटकावर कार्ड टेकवून आत जाता येते. आगाऊ खरेदीच्या सवलतीही याच अ‍ॅपवर असतात. मात्र गर्दीच्या काळात त्यांतील बऱ्याच लागू नसतात आणि सवलतीच्या जागा मर्यादित असतात, म्हणून तारीख ठरताच पाहावे. परतीच्या गाडीची वेळ अ‍ॅपवर फाटकात शिरेपर्यंत बदलता येते, ही सोय अशा सहलीत फार उपयोगी पडते. सवलतीच्या तिकिटांना मात्र बदलाचे नियम कडक असतात.

कमी खर्चात जायचे असेल तर ओसाकाहून हिरोशिमाला जाणाऱ्या महामार्ग-बस आहेत. दिवसाच्या बसला पाच तासांहून अधिक वेळ लागतो आणि रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे पैसे वाचतात. पण रात्रभर अर्धवट झोप झालेल्या अवस्थेत संग्रहालयात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सेइशुन १८’ हे साध्या गाड्यांचे तिकीट शाळांच्या मोठ्या सुट्ट्यांच्या आसपासच मिळते, आणि २०२४च्या हिवाळ्यापासून ते एकाच व्यक्तीने सलग तीन किंवा पाच दिवस वापरावे लागते. तीन दिवसांचे तिकीट १०,००० येनला मिळते. हिमेजी, आइओइ, ओकायामा अशा गाड्या बदलत जायची तयारी असलेल्या तरुण शिक्षकाला डिसेंबर अखेरीस ते परवडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुट्ट्यांत ते मिळतच नाही.

मुक्काम कुठे करावा

पहिली रात्र हिरोशिमा शहरात आणि दुसरी रात्र मियाजिमा बेटावर, अशी विभागणी खिशाला झेपली तर सर्वांत चांगली. दिवसा बेटावर प्रचंड गर्दी असते, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकाने मिटतात, सहली परततात आणि इत्सुकुशिमा मंदिराचा परिसर राहणाऱ्यांपुरता उरतो. बेटावरील र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी अतिथिगृहात) रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून दर सांगितलेला असतो, आणि तो खोलीमागे नसून माणशी असतो, हे आरक्षण करताना नीट वाचावे. ते जेवण मासे आणि शिंपल्यांभोवती रचलेले असते. शाकाहारी व्यक्तीने ‘सुदोमारि’, म्हणजे विनाजेवणाची खोली घ्यावी, किंवा आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारावे. पोहोचल्यावर सांगितले तर त्यांनाही अवघड होते आणि आपल्यालाही. खर्च आवरायचा असेल तर दोन्ही रात्री शहरातच राहावे.

शहरात राहताना स्थानकाजवळ राहण्यापेक्षा कामिया-चो किंवा हाच्चोबोरि या ट्राम थांब्यांच्या आसपास राहावे, कारण तिथून शांती उद्यान चालत गाठता येते. खोली घेताना ‘किनएन’, म्हणजे धूम्रपानरहित, असा शब्द तपासावा. खोली दुपारी तीननंतर मिळते, पण सामान सकाळीच ठेवून घेतात. सुट्टीच्या दिवशी स्थानकातील नाण्यांची लॉकर्स सकाळीच भरतात, म्हणून सामान थेट हॉटेलवर नेणे सोपे.

शाकाहारी जेवणाची सोय

हिरोशिमाची ओळख असलेले ओकोनोमियाकि तव्यावर थर रचून करतात. खाली पिठाचे पातळ धिरडे, त्यावर कोबीचा ढीग, मग डुकराच्या मांसाचे काप, नूडल्स आणि शेवटी अंडे. मांस वगळायला सांगता येते, पण पिठात माशाचे पाणी, वरून भुरभुरवलेले सुक्या माशाचे तुकडे आणि सॉसमधील प्राणिजन्य अर्क हे प्रश्न उरतातच. शांती उद्यानाच्या परिसरात पूर्ण शाकाहारी ओकोनोमियाकि करून देणारी ठिकाणे आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी शोधून नकाशात खूण करून ठेवावी. इतरत्र पुढील वाक्य उपयोगी पडते: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओबुशि तो दाशि मो नुइते कुदासाइ.’ म्हणजे मी मांस आणि मासे दोन्ही खात नाही, सुका मासा आणि माशाचे पाणीही वगळावे. फोनवर जपानी लिपीत हे लिहून ठेवून दाखवणे अधिक खात्रीचे.

दाशिबाबत आपली मर्यादा कुठे आहे, हे घरूनच ठरवून निघावे. मांस-मासे खात नाही पण रसातील दाशि चालते, अशी भूमिका असेल तर जपानमध्ये फिरणे खूपच सोपे होते. तीही चालत नसेल तर डब्याला पर्याय नाही. थेपले, दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट आणि चिवडा यांवर तीन दिवस निभतात, आणि हॉटेलच्या खोलीत पाणी उकळण्याची किटली बहुधा असते, त्यामुळे उपमा-पोह्यांची तयार पाकिटेही चालतात. ट्राममध्ये मात्र डबा उघडू नये. शिंकान्सेनमध्ये जेवणे रीतीला धरूनच आहे.

पहिला दिवस: शहर आणि दोन शाळा

सकाळी दहा-अकराच्या सुमारास पोहोचून सामान हॉटेलवर टाकावे आणि ट्रामने ‘गेनबाकु डोम-माए’ थांब्यावर उतरावे. २०२५पासून ट्राम हिरोशिमा स्थानकाच्या इमारतीत थेट दुसऱ्या मजल्यावर येते, त्यामुळे रस्त्यावरचा जुना थांबा शोधत बसू नये. बॉम्बस्फोटात सापडलेले ६५१ आणि ६५२ क्रमांकांचे ट्रामचे डबे दुरुस्तीनंतर पुन्हा धावू लागले आणि आजही जपलेले आहेत. स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, शहरातील ट्रामचा एक भाग पुन्हा सुरू झाला होता. आपण बसलेली ट्राम त्याच कंपनीची आहे, हे ठाऊक असले की प्रवासाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

अणुबॉम्ब घुमट म्हणून ओळखली जाणारी इमारत मुळात चेक वास्तुविशारद यान लेत्झेल यांनी रचलेले औद्योगिक प्रदर्शनगृह होते आणि ते १९१५ साली पुरे झाले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बॉम्ब जवळपास डोक्यावरच, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, म्हणून भिंती बाजूला कोसळण्याऐवजी काही प्रमाणात उभ्या राहिल्या. १९९६ साली तिला जागतिक वारसा दर्जा मिळाला. इथून मोतोयासु नदीच्या काठाने चालत जावे. या नदीजवळच मे २०२३ मध्ये महात्मा गांधींचा ब्राँझचा अर्धपुतळा उभारला गेला असून तो धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी घडवला आहे. परदेशी भूमीवर इतक्या गंभीर ठिकाणी मराठी हाताचे काम दिसते, तेव्हा दोन मिनिटे थांबावेच.

उद्यानातील मुलांचे स्मारक १९५८ साली उभे राहिले. सादाको सासाकी ही मुलगी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती आणि १९५५ साली बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेऊन देशभरच्या शाळांकडून निधी जमवला आणि त्यातून हे स्मारक झाले. आजारपणात बरे होण्याच्या आशेने सादाको कागदाचे बगळे करत असे, म्हणून आजही मुले ते इथे वाहतात. आपल्या वर्गाकडून असे बगळे करून आणायचे असतील तर ते दोऱ्यात ओवून आणावेत, म्हणजे स्मारकाभोवतीच्या काचेच्या कपाटांत लावता येतात. सहलीआधीच्या आठवड्यात वर्गात हा उपक्रम घेतला तर मुले जीव लावून करतात, आणि परत आल्यावर तिथले छायाचित्र दाखवताना शिकवण्यासारखे बरेच काही निघते.

दुपारनंतरचा वेळ दोन शाळांसाठी ठेवावा. बहुतेक पर्यटक इथे येत नाहीत, आणि शिक्षकाने यायलाच हवे. होनकावा प्राथमिक शाळा स्फोटकेंद्रापासून सर्वांत जवळची शाळा होती. तिथे सुमारे ४०० मुले आणि दहाच्या आसपास शिक्षक व कर्मचारी मारले गेले. काँक्रीटच्या जुन्या इमारतीचा एक भाग आणि तळघर आज छोटे संग्रहालय म्हणून जतन केले आहे. तळघरातील भाजलेल्या भिंती हाताच्या अंतरावर दिसतात.

फुकुरोमाचि प्राथमिक शाळेतील गोष्ट त्याहून अधिक मनात घर करते. स्फोटानंतर या इमारतीत जखमींसाठी मदतकेंद्र उघडले गेले. जिन्याजवळच्या भिंती धुराने काळ्याकुट्ट झाल्या होत्या, आणि आपली माणसे शोधत आलेल्या लोकांनी त्या भिंतींवर खडूने निरोप लिहिले. कोण कुठे आहे, कोणाला कुठे हलवले, कोण सापडले नाही, असे हे निरोप होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांविषयी लिहिले, पालकांनी मुलांविषयी लिहिले. पुढे भिंतींवर गिलावा चढला आणि ती अक्षरे झाकली गेली. १९९९ साली इमारत पाडण्यापूर्वी तपासणी करताना ती पुन्हा सापडली. आज तो भाग संग्रहालय आहे. वर्गात रोज ज्या खडूने आपण लिहितो, त्याच खडूची ही अक्षरे आहेत आणि भिंतच तेव्हा फळा झाली होती. जपानी वाचता येत नसले तरी शेजारी निरोपांचा अर्थ दिलेला आहे. इथे अर्धा तास बसावे, घाई करू नये. दोन्ही संग्रहालयांना प्रवेशमूल्य नाही. दोन्हींना लागून शाळा चालू असतात, म्हणून मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि उघडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

दुसरा दिवस: सकाळी संग्रहालय, दुपारी बेट

शांती स्मारक संग्रहालय सकाळी लवकर उघडते. मार्च ते नोव्हेंबर या काळात सकाळी साडेसातपासून प्रवेश असतो, आणि अगदी सुरुवातीची वेळ ऑनलाइन आरक्षण केलेल्यांसाठी राखीव असते. तीच वेळ घ्यावी. दहानंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांचे गट येतात, आणि मुख्य इमारतीतील अरुंद दालनांत मागच्यांच्या रेट्याने पुढे सरकावे लागते. प्रवेशमूल्य प्रौढांना फक्त २०० येन आहे.

मुख्य इमारतीत लोकांच्या वस्तू मांडल्या आहेत. त्या दिवशी बारा-तेरा वर्षांची हजारो मुले शाळेच्या बाकावर नव्हती. आगीचा प्रसार रोखण्यासाठी घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर त्यांना शाळांनीच आपल्या शिक्षकांसह पाठवले होते, आणि त्यांतील सुमारे सहा हजार मुले मरण पावली. त्यांचे फाटलेले गणवेश, नाव शिवलेली दप्तरे आणि आत अन्नाचा कोळसा झालेला जेवणाचा डबा इथे आहे. डब्यावरून आईने आपल्या मुलाचा देह ओळखला होता. १९४५ अखेरपर्यंत या शहरात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे गेली, हा आकडा आपण पुस्तकात शिकवतो. या डब्यासमोर तो आकडा वेगळा ऐकू येतो. लहान मुले बरोबर असतील तर दहा वर्षांखालील मुलांना मुख्य दालनांतून नेताना विचार करावा. एकाने बाहेर मुलांजवळ थांबावे आणि पालकांनी आळीपाळीने आत जावे.

दोन ते अडीच तास पुरतात. त्यानंतर लगेच दुसरे काही पाहू नये. उद्यानात झाडाखाली बसावे, चहा घ्यावा आणि मग बेटाकडे निघावे.

मियाजिमाला जाण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, जलद मार्ग म्हणजे हिरोशिमा स्थानकातून जेआर सान्यो मार्गावरील गाडीने मियाजिमागुचि, साधारण अर्धा तास, आणि तिथून दहा मिनिटांची फेरी. दुसरा मार्ग दोन क्रमांकाच्या ट्रामचा. तिला वेळ जास्त, एक तासाहून थोडा अधिक लागतो, पण उद्यानाजवळूनच बसता येते. तिसरा मार्ग उद्यानाजवळच्या धक्क्यावरून थेट बेटावर जाणाऱ्या छोट्या बोटीचा, सुमारे ४५ मिनिटांचा. तो महाग आहे आणि नदीतील पाण्याच्या पातळीनुसार फेऱ्या रद्द होतात. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर नदीतून हळूहळू समुद्राकडे जाणे मनाला उसंत देते, म्हणून जमल्यास मी जाताना ही बोट आणि येताना रेल्वे सुचवेन.

मियाजिमागुचिहून फेरीचे भाडे २०० येन असून ऑक्टोबर २०२३पासून त्यावर १०० येनचा अभ्यागत कर लागतो. दोन कंपन्यांच्या फेऱ्या शेजारीशेजारी सुटतात. जेआरची फेरी सकाळी ९:१० ते दुपारी ४:१० या वेळात समुद्रातील तोरणद्वाराजवळून वळसा घेते, म्हणून दिवसा तीच निवडावी आणि उजव्या बाजूला उभे राहावे.

बेटाच्या नियोजनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट भरती-ओहोटीची आहे. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, पण देशावरच्यांसाठी सांगते. पाण्याची पातळी सुमारे २५० सेंटिमीटरच्या वर असेल तेव्हा इत्सुकुशिमा मंदिर आणि त्याचे तोरणद्वार पाण्यावर तरंगल्यासारखे दिसतात, आणि १०० सेंटिमीटरच्या खाली गेली की तोरणद्वारापर्यंत वाळूतून चालत जाता येते. दोन्हींमध्ये साधारण सहा तासांचे अंतर असते. मियाजिमा पर्यटन संघाच्या संकेतस्थळावर रोजच्या वेळा असतात. तारखा ठरवतानाच त्या पाहाव्यात आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवसाच्या सकाळी यांतली एक वेळ भरतीची निघते का ते बघावे. फारच उलटे पडत असेल तर संग्रहालय तिसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे. सध्याचे कापूरवृक्षाच्या लाकडाचे तोरणद्वार १८७५ सालचे आहे, जवळपास साडेसोळा मीटर उंच आहे, आणि त्याचे खांब तळात गाडलेले नसून ते स्वतःच्या वजनावर उभे आहे. ओहोटीच्या वेळी पायथ्याशी गेल्यावरच त्याचा आकार कळतो.

मंदिराची आजची भव्य मांडणी बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरि या सत्ताधीश सरदाराच्या काळात झाली. मंदिराला लागूनच दाइगानजि हे लहान बौद्ध मंदिर आहे आणि तिथली मुख्य देवता बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात आली आणि इथेही वीणेसारखे वाद्य घेऊन विद्या-कलांची देवता म्हणूनच पुजली जाते. दसऱ्याला पाटीपूजन करत वाढलेल्या शिक्षकाने तिला नमस्कार न करता पुढे जाऊ नये. बेटावर हरणे मोकळी फिरतात. त्यांना काहीही खाऊ घालू नये आणि हातातला कागद, नकाशा किंवा तिकीट त्यांच्या तोंडाच्या अंतरावर धरू नये.

तिसरा दिवस: मिसेन डोंगर आणि परतीचा प्रवास

मिसेन डोंगर ५३५ मीटर उंच आहे. मोमिजिदानीतून दोन टप्प्यांच्या रोपवेने शिशिइवा स्थानकापर्यंत जाता येते, पण तिथून शिखर आणखी अर्ध्या तासाच्या चढउताराचे आहे, हे वयस्कर आई-वडिलांना आधी सांगावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना शिशिइवाच्या सज्जातूनही सेतो समुद्रातील बेटे छान दिसतात. शिखराखाली रेइकादो या छोट्या मंदिरात बौद्ध आचार्य कोबो दाइशि यांनी पेटवल्याचे मानले जाणारे आणि बाराशे वर्षे तेवत ठेवलेले अग्निकुंड आहे. १९६४ साली हिरोशिमाच्या उद्यानात पेटवलेल्या शांतिज्योतीसाठी इथूनही अग्नी नेला होता. आदल्या दिवशी ती ज्योत पाहून आलेल्याला इथल्या धुराने काळवंडलेल्या खोलीत उभे राहिल्यावर दोन्ही जागांचा संबंध लागतो.

उतरताना तब्येत चांगली असेल तर दाइशो-इन मार्गाने पायी यावे. दीड-दोन तास लागतात आणि दगडी पायऱ्या खूप आहेत, त्यामुळे बूट चांगले हवेत. पाऊस पडून गेला असेल तर हा मार्ग सोडावा. वाऱ्यामुळे रोपवे बंद पडतो आणि त्याची शेवटची फेरी संध्याकाळी लवकर असते, म्हणून चढण्यापूर्वी परतीची वेळ पाहावी. दुपारी दोनपर्यंत फेरीवर, चारच्या आसपास हिरोशिमा स्थानकावर आणि संध्याकाळी सातपूर्वी घरी, असा हिशेब ठेवावा. सान-रेन्क्यूच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्टाफरूममध्ये हजर राहायचे असते.

वादळ येणार असेल तर रेल्वे कंपन्या बहुधा आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवण्याची घोषणा करतात. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. आपण घाबरून आधीच रद्द केले तर शुल्क कापले जाते, म्हणून घोषणेची वाट पाहावी. अडकून पडलो तर उपमुख्याध्यापकांना त्याच रात्री फोन करावा, सकाळची वाट पाहू नये. गाडीला उशीर झाला असेल तर स्थानकावर मिळणारा उशिराचा दाखला, ‘चिएन शोमेइशो’, घेऊन ठेवावा.

शाळेत परतल्यावर

रजा घेऊन फिरून आल्यावर सहकाऱ्यांसाठी तिथला खाऊ आणणे ही जपानी स्टाफरूमची रीत आहे. मियाजिमाची मोमिजि मांजु ही मेपलच्या पानाच्या आकाराची, आत लाल घेवड्याचे गोड सारण असलेली छोटी केकसारखी मिठाई त्यासाठी उत्तम. घेताना प्रत्येक नग वेगळा पाकिटात बांधलेला आहे का, आणि शेवटची तारीख निदान आठवडाभर पुढची आहे का, हे पाहावे. तिच्यात अंडे असते, त्यामुळे घरातील शाकाहारी मंडळींसाठी वेगळे काही घ्यावे. स्टाफरूममधील माणसांची संख्या आधी मोजून ठेवावी आणि दोन-चार नग जास्त घ्यावेत. आरोग्यशिक्षिका, शिपाई आणि जेवणघरातील कर्मचारी यांनाही वगळू नये. सर्वांत आधी ज्यांनी आपला तास घेतला त्यांच्याकडे जाऊन स्वतः आभार मानावेत, मग बाकीच्यांच्या टेबलावर एकेक ठेवत जावे.

त्याच आठवड्यात जपानी सहशिक्षकांशी हिरोशिमाविषयी बोलायचे असेल तर आधी ऐकावे. जपानमधील अनेक शाळा वरच्या वर्गांची सहल हिरोशिमाला नेतात आणि पश्चिम जपानमधील शिक्षकांपैकी बरेच जण स्वतः विद्यार्थी असताना तिथे जाऊन आलेले असतात. काहींच्या घरात त्या दिवसाची आठवणही असू शकते. वर्गात हा विषय घ्यायचा असल्यास सहशिक्षकाबरोबर पाठाचा आराखडा करूनच घ्यावा, आणि फुकुरोमाचिच्या भिंतीवरील एखादा निरोप त्यांच्याकडून मूळ जपानीत वाचून घेऊन मगच मुलांसमोर ठेवावा.